नावाला ट्रेनी, कामाला पूर्ण माणूस : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अप्रेंटिसच्या विद्यावेतनाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यावरच करतोय. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, वय कमी आहे किंवा शिकतोय म्हणून पगार कमी दिला तर चालतं का? काहींची पत्रं लांब होती, ती कापलीत. नावं आणि कंपन्यांची नावं काढून टाकलीत, राग मानू नका, नोकरी तुमचीच आहे.

प्रश्न : नमस्कार सर. मी आयटीआय फिटर झालोय, वय २०. चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ११ महिने झाले. जॉइन होताना कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात एका कागदावर सही घेतली, त्यावर 'ट्रेनी' लिहिलं होतं, कॉपी दिली नाही. महिन्याला ९,५०० हातात येतात. शिफ्ट १० तासांची, २६ दिवस. पहिले चार दिवस एका सिनियरने दाखवलं, तेव्हापासून मशीनवर एकटाच असतो आणि टार्गेट परमनंटवाल्यांएवढंच आहे. पगाराचं विचारलं की सुपरवायझर म्हणतो तुम्ही अप्रेंटिस आहात, अप्रेंटिसला किमान वेतन नसतं. खरंय का हे?

उत्तर : सुपरवायझर अर्धं खरं बोललाय आणि हेच अर्धं खरं सगळ्यात जास्त पोरांना गंडवतं.

खरा भाग असा की शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ खाली जो रीतसर अप्रेंटिस असतो तो कायद्याच्या भाषेत 'कामगार' नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये तसं लिहिलंय. त्याला पगार मिळत नाही, विद्यावेतन मिळतं, आणि किमान वेतनाचा दर त्याला लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवीन वेतन संहिता लागू झाली तिच्यातही 'कर्मचारी' कोण हे सांगताना १९६१ च्या कायद्याखालचा अप्रेंटिस बाजूला काढलाय.

आता उरलेला अर्धा भाग, जो तुम्हाला कोणी सांगितला नाही. ही सूट फक्त त्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या अप्रेंटिसपुरती आहे. कंपनीने आपल्या मनाने 'ट्रेनी', 'हेल्पर ट्रेनी', 'लर्नर' असं काहीही नाव दिलं म्हणून कोणी अप्रेंटिस होत नाही. अप्रेंटिस व्हायला एक करार लागतो, त्यावर तुमची सही, वय १८ च्या आत असेल तर पालकाची सही, आणि तो करार कंपनीने सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर ७ दिवसांत टाकायचा असतो, मग त्याची नोंदणी होऊन कॉन्ट्रॅक्ट नंबर पडतो. तुमच्या पत्रात हा नंबर कुठेच नाही, पोर्टलवर तुमचं स्वतःचं प्रोफाइल काढल्याचंही नाही, आणि कागद कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातला आहे. त्यामुळे माझा अंदाज तुम्ही अप्रेंटिस नाहीच, तुम्ही साधे सरळ कामगार आहात. पण अंदाजावर भांडायला जाऊ नका. आधी लेखी विचारा, मेल किंवा व्हॉट्सॅप काहीही चालेल, एवढंच : 'माझा अप्रेंटिसशिप कॉन्ट्रॅक्ट नंबर कृपया द्यावा.' नंबर आला तर विषय वेगळा. नाही आला, किंवा 'तो नंतर बनतो' असं काही उत्तर आलं, तर तेच उत्तर जपून ठेवा.

मी स्वतः काही वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. तिथे दोन मस्टर असायचे, एक निळ्या पुठ्ठ्याचं आणि एक पिवळ्या. पिवळ्यातली सगळी मुलं 'ट्रेनी', आणि त्यांची ट्रेनिंग कधी संपतच नसे, ११ महिने झाले की ब्रेक द्यायचा आणि परत पिवळ्यात नाव. मीच लिहायचो ती नावं, म्हणून सांगतोय.

आता हिशोब करू. तुम्ही १० तास राबता. ८ च्या वरचे २ तास हा ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमला किमान दुप्पट दर द्यावा लागतो. म्हणजे पैशाच्या हिशोबात तुमचा दिवस १२ तासांचा झाला. २६ दिवस गुणिले १२ म्हणजे ३१२ तास. ९,५०० भागिले ३१२ केलं की तासाला ३० रुपये ४५ पैसे येतात, आठ तासांच्या दिवसाला साधारण २४४ रुपये. हा तुमचा खरा रोज. कंपनी तुम्हाला ३६५ दाखवत असेल, तो १० तासांचा आहे, आणि फरक नेमका तिथेच लपतो.

हा आकडा कशाशी ताडून बघायचा? महाराष्ट्रात उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार, म्हणजे भागानुसार, मूळ किमान वेतन ठरलेलं असतं, त्यावर विशेष भत्ता असतो आणि तो वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी ते जून एक, जुलै ते डिसेंबर दुसरा. दोन्हीची बेरीज म्हणजे किमान वेतन. खूप मुलं नुसता मूळ आकडा बघतात आणि म्हणतात अरे मला तर जास्तच मिळतंय. भत्ता धरा. दुसरं म्हणजे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे दर आहेत. तुम्ही आयटीआय झालेले, मशीन एकट्याने चालवताय, तुम्हाला अकुशलमध्ये टाकलं असेल तर तेही विचारायला हवं. कामगार आयुक्तालयाच्या साइटवर पत्रकं असतात, ती मराठीत असली तरी वाचायला जरा डोकं लागतं, एखाद्या युनियनवाल्याला सोबत घेऊन बसा.

कंपनी कदाचित म्हणेल की आमच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांत, ट्रेनी ही कॅटेगरी आहे. असू दे. वेतन संहितेत सूट लिहिलीय ती १९६१ च्या कायद्याच्या अप्रेंटिसला, कंपनीच्या घरच्या कॅटेगरीला नाही. आणि 'तू कमी पैशात करायला तयार होतास, सही आहे तुझी' हे तर मुळीच चालत नाही. किमान वेतनाच्या खाली काम करायची संमती देता येत नाही. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या, बांधकाम मजुरांच्या केसमध्ये इथपर्यंत सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे.

दावा कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात करायचा. पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, ती आता ३ वर्षं आहे, म्हणजे तुमचे ११ महिने पूर्ण बसतात. राहिलेला फरक मिळतो आणि वर त्याच्या दहा पटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे, दरवेळी दहा पट मिळते असं समजू नका, 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, तुमच्यावर नाही. तरी बँकेच्या एंट्र्या, गेटपासचा फोटो, शिफ्टच्या व्हॉट्सॅप ग्रुपचे मेसेज, टार्गेटची शीट जे मिळेल ते साठवा, आणि कंपनीच्या फोनमध्ये नको, घरच्या फोनमध्ये. कॉन्ट्रॅक्टर पळाला तर मूळ कंपनीवर थकीत वेतनाची जबाबदारी येते, ते टेन्शन घेऊ नका.

प्रश्न : मी रजिस्टर अप्रेंटिस आहे, इलेक्ट्रिशियन, वाळूज. करारावर ८,००० लिहिलंय पण कंपनी ६,५०० च टाकते. एचआर म्हणतात बाकीचे सरकार देणार. तीन महिने झाले सरकारचा रुपया आला नाही. आणि मित्राच्या कंपनीत स्टायपेंडमधून पीएफ कापतात, आमच्याकडे कापत नाहीत, मग आमचं नुकसान होतंय का?

उत्तर : यावेळी एचआर खरं बोलतायत, असंही होतं कधी कधी. केंद्राची एनएपीएस नावाची योजना २०१६ पासून आहे. तिच्यात सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के भाग उचलतं, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५००. आधी हे पैसे कंपनीला परत मिळायचे, ऑगस्ट २०२३ पासून थेट मुलांच्या खात्यात टाकायला सुरुवात झाली. तुमच्या ८,००० चे २५ टक्के २,००० होतात पण मर्यादा १,५०० ची, म्हणून कंपनीचे ६,५०० बरोबर आहेत.

अडकतं कुठे ते सांगतो. पहिली शक्यता, तुमचं आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं आहे. हे पैसे तुम्ही दिलेल्या अकाउंट नंबरवर जातात असं नसतं, आधारला शेवटचं जे खातं सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, तिकडे जातात. कॉलेजात स्कॉलरशिपसाठी काढलेलं एखादं झिरो बॅलन्स खातं आठवतंय का, जाऊन पासबुक भरून घ्या, खूप जणांना तिथे पैसे सापडलेत. दुसरी शक्यता, कंपनीने आपला हिस्सा दिल्याची आणि तुमच्या हजेरीची माहिती पोर्टलवर भरलेलीच नाही, मग सरकारचा हिस्सा पुढे सरकत नाही. हे एचआरला नीट विचारा, महिना सांगून विचारा. दोन्ही ठीक असून अडलं तर आयटीआयमधल्या बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण) सेंटरला जा, अप्रेंटिसचं काम तिथेच चालतं.

पीएफचं उलटं आहे. १९६१ च्या कायद्याच्या अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय लागू नाही, म्हणून तुमचं कापत नाहीत. मित्राचा कापतात म्हणजे बहुतेक तो अप्रेंटिस नाहीये, कर्मचारी आहे, आणि कर्मचारी असेल तर त्याला किमान वेतन मिळायला हवं! त्याला वरचं चाकणचं पत्र वाचायला द्या.

प्रश्न : दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा, डिग्री, प्रत्येकाला किती स्टायपेंड ते एकदा छापून टाका ना, सगळे वेगवेगळं सांगतात.

उत्तर : २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे पाचवी ते नववी झालेल्यांना ५,०००, दहावीला ६,०००, बारावीला ७,०००, आयटीआयला पण ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि कुठल्याही शाखेच्या पदवीधराला ९,०००. हे सगळं दरमहा आणि कमीत कमी. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने हे आकडे ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० करावेत अशी शिफारस केली, आणि तेव्हापासून सोशल मीडियावर 'स्टायपेंड वाढला' म्हणून फॉरवर्ड फिरतायत. शिफारस म्हणजे नियम नाही. करार करताना त्या दिवशी पोर्टलवर जो दर आहे तो बघा.

माझं मत विचाराल तर आयटीआयची दोन वर्षं घासून आलेल्या मुलाला आणि सरळ बारावी झालेल्याला एकच आकडा देणं हे कोणाच्या डोक्यातून आलं असेल ते असेल. आणि हे ७,००० म्हणजे २०१९ सालचे ७,००० आहेत, तेवढ्यात खोलीभाडं आणि मेस भागवून दाखवा कोणीतरी.

अजून एक, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे ६, ८ आणि १० हजार हे वेगळे. ती राज्याची योजना आहे, १८ ते ३५ वयासाठी, तिचा आणि १९६१ च्या कायद्याचा घोळ घालू नका.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा, दहावी झाली, सुट्टीत कपड्यांच्या दुकानात जातो. सकाळी १० ते रात्री ९. मालक ओळखीचेच आहेत, म्हणतात अजून लहान आहे म्हणून अर्धा पगार. मला पगारापेक्षा वेळेची काळजी वाटते पण बोलायचं कसं?

उत्तर : ताई, तुमची काळजी बरोबर आहे आणि कायदाही तुमच्याच बाजूने आहे. १४ ते १८ मधल्या मुलांना खाणी, स्फोटकं आणि घातक प्रक्रिया सोडून कामावर ठेवता येतं, पण वेळ ठरलेली आहे. सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती, आणि ही विश्रांती आणि कामाची वाट बघणं धरून सगळं मिळून दिवसाला ६ तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम अजिबात नाही. आठवड्याला एक सुट्टी. मालक ११ तास ठेवतायत, त्यातले शेवटचे २ तर सरळ बेकायदा वेळेतले.

पगाराचं बघा. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात प्रौढ, किशोर, बालक आणि शिकाऊ यांचे वेगळे दर ठरवायची सोय होती, 'लहान आहे म्हणून कमी' ही समजूत बहुतेक तिथूनच आली. पण तो वेगळा दर सरकारने ठरवायचा होता, दुकानदाराने गल्ल्यावर बसून नाही. नव्या वेतन संहितेत दर ठरवताना कामाचं कौशल्य, ठिकाण, कामातला त्रास हे बघायचंय, वय त्या यादीत नाही. पोराने जेवढे तास काम केलं तेवढ्याचा दर मोठ्या माणसाइतकाच.

बोलायचं कसं? ओळखीचे आहेत तर कायद्याचं पुस्तक काढू नका. सरळ सांगा, 'दादा, तो दुपारी १२ ला येईल आणि ६ ला निघेल, मध्ये तासभर घरी जेवायला येईल.' यात वर सांगितलेलं सगळं बसतं. नाही म्हणाले तर मुलाला घरी ठेवा.

प्रश्न : सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे, कॉन्ट्रॅक्टची धरून २० माणसं. मोठ्या कंपन्या अप्रेंटिस घेऊन स्वस्तात काम करतात, आम्हालाही घेता येतील का? किती? पीसवर पैसे दिले तर चालतील का?

उत्तर : घेता येतील. ३० किंवा जास्त माणसं असतील तर घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. प्रमाण एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के, म्हणजे तुमच्याकडे जास्तीत जास्त ३. पीसवर अजिबात नाही, कलम १३ मध्ये स्पष्ट मनाई आहे, प्रॉडक्शन बोनसच्या स्कीममध्येही त्याला ओढता येत नाही. कारण उघड आहे, नग मोजायला लागला की पोरगा शिकणं सोडून नगच पाडत बसतो. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. ओव्हरटाइम अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (हा सरकारी अधिकारी असतो) परवानगीशिवाय नाही. आणि ट्रेडशी संबंध नसलेलं काम सांगणं हा गुन्हा आहे, म्हणजे चहा आणायला, गाडी पुसायला पाठवायचं नाही. २०१४ च्या दुरुस्तीत यातली कैद काढून टाकली, म्हणून लोकांना वाटतं आता काही होत नाही.

तुमच्या पत्रातला 'स्वस्तात' हा शब्द मला टोचला, खोटं कशाला बोलू. शिकवायला एक जाणता माणूस रोज तास-दोन तास मोकळा ठेवणार असाल तर घ्या, तो खर्च धरा, मग बघा स्वस्त पडतं का.

प्रश्न : भाऊ अप्रेंटिस होता, प्रेसवर दोन बोटं गेली. कंपनीने दवाखान्याचं बिल भरलं आणि सांगतात तो कामगार नाही म्हणून नुकसानभरपाई नाही. आम्ही सही करावी का त्यांच्या कागदावर?

उत्तर : सही करू नका. आधी हेच लिहितो.

अप्रेंटिस कामगार नसतो हे खरं असलं तरी अपघात हा त्याला अपवाद आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्याचं कलम १६ म्हणतं की प्रशिक्षण घेताना अपघाताने इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, आणि ती कामगारांच्या नुकसानभरपाईच्या नियमांप्रमाणेच मोजायची. दवाखान्याचं बिल त्यात वळतं होत नाही, तो उपचाराचा खर्च. बोटं कायमची गेली म्हणजे कायमचं अंशतः अपंगत्व, त्याची टक्केवारी कुठलं बोट आणि किती पेरं गेली यावर ठरते. सरकारी दवाखान्यातून दाखला घ्या, अपघाताची तारीख आणि वेळ, मशीनवर हात वाचवणारं गार्ड होतं का, बाजूला शिकवणारा कोण होता हे आजच भावाकडून लिहून घ्या, महिन्याभराने माणसं विसरतात आणि बाजूचे साक्षीदार दुसऱ्या शिफ्टला जातात. मग जिल्ह्यातल्या कामगार वकिलाकडे जा. कराराबद्दलचे बाकीचे वाद अप्रेंटिसशिप सल्लागाराकडे जातात, पण भरपाईचं प्रकरण नुकसानभरपाई आयुक्तांसमोर चालतं, दोन्हीकडे धावपळ करून वेळ घालवू नका.

प्रश्न : अप्रेंटिसशिप पूर्ण झाली, परीक्षा पास, सर्टिफिकेट आलं. कंपनीने नोकरी द्यायलाच पाहिजे ना?

उत्तर : नाही, करारात तसं लिहिलेलं नसेल तर द्यायलाच पाहिजे असं नाही. कलम २२ नुसार कंपनीने स्वतःचं भरती धोरण ठरवायचं असतं, ते मागा आणि वाचा. सरकारी किंवा महामंडळाची भरती असेल तर सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा उत्तर प्रदेश एसटीचा निकाल कामाला येतो, बाकी सगळं सारखं असेल तर तिथेच ट्रेनिंग झालेल्या अप्रेंटिसला बाहेरच्या उमेदवाराच्या आधी घ्यावं असं त्यात आहे. अर्जासोबत सर्टिफिकेट लावताना पत्रात एका ओळीत त्याचा उल्लेख करा.

पण एक लक्षात ठेवा, सर्टिफिकेट मिळाल्यावर 'अजून सहा महिने ट्रेनी म्हणून थांब, मग बघू' असं म्हणाले तर त्या दिवसापासून तुमचा अप्रेंटिसशिपचा करार संपलेला असतो आणि किमान वेतन चालू होतं. थांबायचं असेल तर पहिल्याच दिवशी नवीन कागद मागून घ्या.